न्यायालय जवळ आले, तारीख दूरच

कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज १८ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाले. आदल्या दिवशी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची व वकिलांची दीर्घकाळची मागणी त्यायोगे मान्य झाली. त्या भागाला झालेला आनंद मराठवाड्यातील माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला उच्च न्यायालयाचे न्यायाधीश प्रथम बसले, तेव्हा हाच आनंद त्याने अनुभवला होता. तथापि आनंदाचा पहिला भर ओसरल्यानंतर हाती काय उरते, याचाही चार दशकांहून अधिक काळाचा अनुभव आज मराठवाड्याच्या गाठी आहे. हा अनुभव नीट तपासून पाहिला, तर कोल्हापूरला तो उपयोगी पडेल आणि आपल्यालाही आपली पुढची मागणी कोणती असावी हे कळेल.

परभणी जिल्ह्यातील शिक्षक, कारकून आणि शेतकरी यांचा उच्च न्यायालयाशी संबंध येतच नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. खासगी शाळेतील शिक्षकाची सेवासमाप्ती १९७७ च्या कायद्यानुसार शाळा न्यायाधिकरणापुढे जाते आणि तेथील निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका होते. शासकीय कर्मचाऱ्याच्या ज्येष्ठतेचा किंवा निवृत्तिवेतनाचा वाद प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे सुरू होतो. परंतु १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानंतर तोही उच्च न्यायालयाच्या तपासणीखाली येतो. जमीन संपादनाचा वाढीव मोबदला, वाटणीच्या दाव्यातील दुसरे अपील, जन्मठेपेच्या शिक्षेविरुद्धचे अपील, यांचे ठिकाण तेच. जात प्रमाणपत्राच्या पडताळणीत विद्यार्थ्याचा दावा फेटाळला गेला, तर त्यालाही तिकडेच धाव घ्यावी लागते. म्हणून हे न्यायालय कोठे बसते, त्याचा कारभार कोण पाहतो आणि कोणाचे प्रकरण केव्हा निघावे हे कोण ठरवितो, हे प्रश्न केवळ वकिलांचे नाहीत.

हैदराबादहून मुंबईकडे

निजामाच्या राजवटीत परभणीचा पक्षकार अपिलासाठी हैदराबादला जात असे. मुसी नदीच्या काठावरील उच्च न्यायालयाची ती भव्य इमारत आजही उभी आहे. कामकाजाची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राजवट बदलली. परंतु हैदराबाद राज्य अस्तित्वात असेपर्यंत न्यायालयाचे ठिकाण तेच राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. मराठी भाषकांच्या एका मोठ्या आकांक्षेची ती पूर्तता होती. मात्र त्याच दिवशी परभणीच्या पक्षकाराचे उच्च न्यायालय पूर्वीपेक्षा अधिक दूर गेले, ही गोष्ट त्या उत्साहात फारशी कोणी बोलून दाखविली नाही. हैदराबादला मीटरगेजची थेट गाडी होती. मुंबईला जायचे तर त्याच मीटरगेजने मनमाडपर्यंत जावे लागे, तेथे मोठ्या गाडीसाठी ताटकळावे लागे आणि सुमारे साडेपाचशे किलोमीटरचा प्रवास करून अनोळखी शहरात, अनोळखी वकिलाच्या दारात उभे राहावे लागे. उर्दूची जागा इंग्रजीने घेतली होती. सातबाराच्या उताऱ्याची भाषा जिंतूर-पाथरीच्या शेतकऱ्याला कळत होती. त्या उताऱ्यावर चाललेल्या युक्तिवादाची भाषा त्याला तेव्हाही कळत नव्हती आणि आजही कळत नाही.

याच काळात नागपूरची स्थिती वेगळी होती. तेथे १९३६ पासून स्वतंत्र उच्च न्यायालय होते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने उच्च न्यायालयाचे मुख्य ठिकाण मुंबईस व दुसरे नागपुरास असावे, हे आधीच मान्य केले होते. पुनर्रचना होताच मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी नागपूर आणि राजकोट या दोन्ही ठिकाणी न्यायाधीश बसविले. पुढे १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्यातील ४१ व्या कलमाने नागपूरला कायद्याचाच आधार मिळाला. तेथे किमान तीन न्यायाधीश बसतील, असे त्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. मराठवाडा कोणतीही अट न घालता महाराष्ट्रात सामील झाला होता. ज्यांनी अट घातली नाही त्यांना वाट पाहावी लागली, आणि ती थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ पंचवीस वर्षे पाहावी लागली.

एका सहीचे सामर्थ्य

ही प्रतीक्षा कशी संपली, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण उच्च न्यायालयाच्या घटनेचे मर्म त्यातच आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याच्या ५१ व्या कलमाला तीन पोटकलमे आहेत. पहिल्यानुसार उच्च न्यायालयाचे मुख्य ठिकाण राष्ट्रपती ठरवितात. दुसऱ्यानुसार राज्यपाल व मुख्य न्यायमूर्ती यांचा सल्ला घेऊन राष्ट्रपती अन्य ठिकाणी स्थायी खंडपीठ स्थापन करू शकतात. तिसरे पोटकलम आकाराने लहान, पण परिणामाने मोठे आहे. मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने जे ठिकाण नेमतील, तेथेही उच्च न्यायालयाचे न्यायाधीश बसू शकतील, असे ते सांगते.

(येथे एक खुलासा करणे इष्ट होईल. मराठीत ‘खंडपीठ’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. दोन न्यायाधीशांनी एकत्र बसून ऐकलेल्या प्रकरणाच्या संदर्भातही तो येतो आणि मुख्य ठिकाणापासून दूर असलेल्या न्यायालयालाही तोच शब्द लावला जातो. या लेखात तो दुसऱ्या अर्थाने घेतला आहे.)

२२ मार्च १९७८ रोजी राज्य विधानसभेने औरंगाबाद व पुणे येथे स्थायी खंडपीठे व्हावीत, असा ठराव केला. स्थायी खंडपीठ दुसऱ्या पोटकलमाखाली येते, म्हणजे दिल्लीच्या हाती. कागद दिल्लीत अडकले. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी तिसऱ्या पोटकलमाचा आधार घेतला आणि राज्यपालांच्या मान्यतेने औरंगाबादला न्यायाधीश बसविण्याचा आदेश काढला. त्याला आव्हान दिले गेले आणि डिसेंबर १९८१ मध्ये खुद्द मुंबई उच्च न्यायालयानेच तो आदेश रद्द ठरविला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय फिरविला: ५१ वे कलम केवळ संक्रमणकाळापुरते नाही, त्याची तीन पोटकलमे एकमेकांवर अवलंबून नाहीत आणि न्यायाधीशांनी कोठे बसावे हे ठरविण्याचा मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार आजही कायम आहे, असा त्याचा आशय होता. त्यानंतर २७ ऑगस्ट १९८४ पासून राष्ट्रपतींच्या आदेशाने औरंगाबादचे खंडपीठ स्थायी झाले. दरम्यान ऑक्टोबर १९८२ मध्ये पणजीलाही मुंबई उच्च न्यायालयाचे पीठ आले होते. कोल्हापूरचे सर्किट बेंचही याच तिसऱ्या पोटकलमाखाली आले आहे. औरंगाबादच्या खटल्यात जे तत्त्व प्रस्थापित झाले, त्याच्याच बळावर त्रेचाळीस वर्षांनी कोल्हापूरला न्यायालय मिळाले, हे मराठवाड्याने अभिमानाने सांगावे.

या सर्व हकीकतीचे तात्पर्य असे की, पंचवीस वर्षांच्या ठरावांनी, निवेदनांनी आणि शिष्टमंडळांनी जे झाले नाही, ते एका मुख्य न्यायमूर्तींच्या सहीने झाले. हे त्या पदाचे सामर्थ्य आहे. परंतु ज्या व्यवस्थेत इतके सर्व एका सहीवर अवलंबून असते, त्या व्यवस्थेची दुर्बलताही त्या सहीतच असते. आपण आजवर पहिली बाजू पाहिली. दुसरी पाहण्याचे टाळले.

घराचा कारभार कोण पाहतो?

खंडपीठाची इमारत स्थायी असते. तेथे बसणारे न्यायाधीश स्थायी नसतात. मुंबई उच्च न्यायालय हे कायद्याच्या दृष्टीने एकच न्यायालय आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी आणि आता कोल्हापूर, ही त्याची बसण्याची ठिकाणे. कोणत्या न्यायाधीशाने कोठे बसावे, त्यांपैकी किती जणांनी जोडीने आणि किती जणांनी एकट्याने बसावे, कोणत्या प्रकारची प्रकरणे कोणापुढे जावीत, हे सर्व मुख्य न्यायमूर्ती ठरवितात. १९९८ मध्ये राजस्थानातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार केवळ त्यांचाच आहे, हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. घटनेच्या २२९ व्या अनुच्छेदाप्रमाणे न्यायालयाचे अधिकारी व कर्मचारी नेमण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच असतो, आणि या प्रशासनाचा खर्च राज्याच्या संचित निधीवर भारित असल्यामुळे त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. २३५ व्या अनुच्छेदाने जिल्हा व त्याखालील न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाला दिले आहे. परभणीच्या जिल्हा न्यायालयावरही उच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींची पालक न्यायाधीश म्हणून देखरेख असते.

ही रचना जाणूनबुजून केलेली आहे. न्यायाधीशांच्या बदल्या, कामाची वाटणी आणि कर्मचाऱ्यांच्या नेमणुका मंत्रालयाच्या हाती गेल्या असत्या, तर सरकारविरुद्धच्या प्रत्येक याचिकेचे काय झाले असते, याची कल्पना करणे अवघड नाही. तेव्हा हा अधिकार न्यायालयाकडेच राहिला पाहिजे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की, इतका विस्तृत कारभार पाहण्यासाठी त्या पदावरील व्यक्तीला आपण वेळ देतो काय?

वस्तुस्थिती पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर सप्टेंबर २०२५ पर्यंतच्या पावणेतीन वर्षांत मुंबई उच्च न्यायालयाने चार मुख्य न्यायमूर्ती आणि दोन प्रभारी मुख्य न्यायमूर्ती पाहिले. त्यांपैकी न्या. रमेश धानुका यांचा कार्यकाल २८ मे ते ३० मे २०२३ असा अवघा तीन दिवसांचा होता. न्या. आलोक आराधे जानेवारी २०२५ मध्ये आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. तेवढ्या अवधीत त्यांनी कोल्हापूरचा आदेश काढला, हे विशेष. या व्यक्तींच्या योग्यतेचा येथे प्रश्नच नाही. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६२ व्या वर्षी निवृत्त होतो, मुख्य न्यायमूर्ती बहुधा अन्य राज्यातून येतात आणि पदोन्नती मिळताच जातात. या नियमांचा व प्रथांचा तो एकत्रित परिणाम आहे. एखाद्या महाविद्यालयात पावणेतीन वर्षांत सहा प्राचार्य आले आणि गेले, तर तेथील वेळापत्रकाचे काय होईल, हे शिक्षक वाचकांना सांगण्याची गरज नाही. तेच येथे होते. प्रत्येक नवे मुख्य न्यायमूर्ती राज्य समजून घेतात, वाटणी बदलतात. आणि दूरच्या खंडपीठात किती न्यायाधीश असावेत याचा दीर्घ मुदतीचा विचार पुन्हा पुढच्यांसाठी राहून जातो.

त्यात रिक्त पदांची भर. मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर न्यायाधीशसंख्या ९४ आहे. परंतु रिक्त पदे ही तेथे नेहमीचीच गोष्ट झाली आहे. जे न्यायाधीश उपलब्ध असतात, त्यांतून पाच ठिकाणांची गरज भागवायची असते. मुंबईत तर उच्च न्यायालयाला मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रही आहे. राज्यात अन्यत्र दिवाणी दावा दिवाणी न्यायाधीशापुढे सुरू होतो. मुंबई शहरातील मोठ्या रकमेचा दावा मात्र थेट उच्च न्यायालयात दाखल होतो. १८६२ मध्ये हे न्यायालय स्थापन झाले तेव्हापासूनची ही व्यवस्था आहे. मुंबईच्या व्यापाराला तिची गरज असेलही. परंतु तिच्यासाठी लागणारे न्यायाधीशही त्याच ९४ मधून येतात, हे विसरता येत नाही.

अनुशेष, पण न मोजलेला

प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने आपला अहवाल १९८४ मध्ये दिला. औरंगाबादचे खंडपीठ स्थायी झाले तेही त्याच वर्षी. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांतील प्रत्येक जिल्ह्याची राज्याच्या सरासरीशी तुलना करून त्या समितीने ‘अनुशेष’ हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणात रूढ केला. न्यायव्यवस्था हे त्यातील क्षेत्र नव्हते. तेव्हापासून सिंचनाच्या अनुशेषावर विधानसभेत कित्येकदा खडाजंगी झाली; न्यायाच्या अनुशेषावर झाली नाही. खंडपीठ मिळाले म्हणजे हिशेब फिटला, अशीच सर्वांची समजूत झाली.

अर्थशास्त्रातील एक साधा सिद्धांत येथे उपयोगी पडतो. एखादी वस्तू किमतीने वाटली नाही, तर ती रांगेने वाटली जाते. आणि मग रांगेत घालविलेला वेळ हीच तिची किंमत होते. न्याय ही किमतीने वाटण्याची वस्तू नव्हे, म्हणून तो रांगेने मिळतो. १९८१ पूर्वी परभणीच्या माणसाला या किमतीचा एक भाग प्रवासखर्चाच्या रूपाने द्यावा लागत होता. खंडपीठामुळे तो भाग कमी झाला. सकाळी निघून त्याच रात्री घरी परतता येऊ लागले. परंतु किमतीचा दुसरा भाग, म्हणजे प्रतीक्षा, तसाच राहिला. उलट न्यायालय जवळ आल्यामुळे दाद मागणाऱ्यांची संख्या वाढली, जे स्वाभाविक व इष्टच होते. अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार हे मराठवाड्याबाहेरचे जिल्हेही याच खंडपीठाला जोडलेले आहेत. रांग लांबली, खिडक्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत.

या प्रतीक्षेचा भार कोणावर पडतो, याचे एक उदाहरण घेऊ. परभणी जिल्हा हा धरणांचा आणि कालव्यांचा जिल्हा आहे. येलदरी, निम्न दुधना आणि जायकवाडीचा डावा कालवा, या सर्वांसाठी येथे जमिनी घेतल्या गेल्या. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याखाली शेतकऱ्याला दिलेला मोबदला कमी वाटला, तर प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे जात असे. तेथे मोबदला वाढला, की सरकार बहुधा उच्च न्यायालयात प्रथम अपील करी. त्या कायद्याच्या २८ व्या कलमानुसार वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के व त्यानंतर दरवर्षी १५ टक्के व्याज द्यावे लागते. वाढीव रक्कम एक लाख रुपये धरली आणि ती दहा वर्षे थकली, तर व्याज होते एक लाख चव्वेचाळीस हजार रुपये. मुद्दलापेक्षा व्याज जास्त! २०१३ च्या नव्या कायद्यानेही व्याजाचे दर हेच ठेवले आहेत. म्हणजे बोर्डावर न निघालेल्या प्रत्येक अपिलाच्या मागे सरकारी तिजोरीवर एक मीटर सतत फिरत असतो. अर्थसंकल्पात त्याचे वेगळे शीर्षक नसते, म्हणून तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

एखादा म्हणेल, शेतकऱ्याला १५ टक्के व्याज मिळते, तर त्याचे नुकसान ते काय? हा युक्तिवाद ज्याने सावकाराचे दार पाहिले नाही, तोच करील. ज्या वर्षी मुलीचे लग्न आहे, विहीर खणायची आहे किंवा मुलाचे शुल्क भरायचे आहे, त्या वर्षी हाती पैसा नसेल, तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या व्याजाचा उपयोग कर्ज फेडण्यापुरताच. आणि शिक्षकाच्या बाबतीत तर व्याजाचा प्रश्नच येत नाही. वयाच्या पन्नाशीत चुकीने काढून टाकलेल्या शिक्षकाची याचिका तो अठ्ठावन्न वर्षांचा झाल्यानंतर मंजूर झाली, तर न्यायालय त्याला पगाराची थकबाकी देऊ शकते. वर्गातली आठ वर्षे देऊ शकत नाही. कच्च्या कैद्याच्या जामिनाचा किंवा शिक्षेविरुद्धच्या अपिलाचा विचार केला, तर हा हिशेब पैशांत मांडण्याचे धाडसच होणार नाही.

दुसरी बाजू

न्यायालये अशी ठिकठिकाणी वाटणे योग्य नव्हे, असे मानणारा एक विचार आहे, आणि तो हलक्या लोकांचा नाही. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५६ मध्ये आपल्या चौथ्या अहवालात खंडपीठांना विरोध केला होता. न्यायालय एका ठिकाणी असले, म्हणजे न्यायाधीशांचा परस्परांशी विचारविनिमय होतो, वकीलवर्ग कसदार राहतो, निर्णयांत एकवाक्यता येते आणि मुख्य न्यायमूर्तींची देखरेख राहते, असा या विचाराचा सारांश आहे. या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तथापि अनुभवाने त्याचा बराचसा भाग दुबळा ठरविला आहे. औरंगाबादच्या वकीलवर्गातून न्यायमूर्ती झालेल्यांत एस. व्ही. गंगापूरवाला यांच्यासारखे आहेत, ज्यांनी मुंबईचे प्रभारी आणि पुढे मद्रासचे मुख्य न्यायमूर्तिपद भूषविले. बीडसारख्या गावातून आलेले नरेंद्र चपळगावकर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि २०२३ मध्ये वर्धा येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षही. खंडपीठ नसते, तर या भागातील किती गुणवंत तरुण वकील मुंबईच्या घरभाड्यापुढे माघार घेऊन जिल्हा न्यायालयापुरतेच राहिले असते, याचा विचार करावा.

परंतु त्या आक्षेपातील एक भाग मात्र आजही विचारात घेण्याजोगा आहे. ठिकाणे वाढविली आणि न्यायाधीश वाढविले नाहीत, तर तेच न्यायाधीश अधिक ठिकाणी विखुरले जातात. भाकरी तेवढीच ठेवून ताटे वाढवावीत, तसे ते होते. १९७८ च्या ठरावातील पुण्याची मागणी अजून उभीच आहे; उद्या आणखी एखाद्या विभागाची उभी राहील. प्रत्येक मागणीमागे प्रादेशिक अस्मिता असते आणि प्रत्येक उद्घाटनाला पुढाऱ्यांची गर्दी असते. नवे पीठ देताना त्यासाठी किती नव्या पदांची भर पडली, हा प्रश्न मात्र व्यासपीठावर विचारला जात नाही. कोल्हापूरच्या मित्रांनी तो आजच विचारावा, कारण पाच-दहा वर्षांनी तो विचारण्यात अर्थ उरणार नाही.

मग मागायचे काय?

सुचविण्यासारख्या गोष्टी चार आहेत आणि त्यांपैकी एकीलाही घटनादुरुस्तीची गरज नाही. पहिली, प्रत्येक ठिकाणी किती न्यायाधीश असावेत याचे प्रमाण, प्रलंबित प्रकरणांची संख्या आणि त्यांचे वय पाहून ठरवावे व ते जाहीर करावे. नागपूरसाठी १९६० मध्ये कायद्याने घातलेली तीन न्यायाधीशांची किमान मर्यादा आज केवळ ऐतिहासिक राहिली आहे. कालमानाप्रमाणे बदलणारे प्रमाण सर्वच ठिकाणांसाठी हवे. कोणते प्रकरण कोणापुढे जावे, हा मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार त्यामुळे यत्किंचितही कमी होत नाही.

दुसरी, मुख्य न्यायमूर्तींची नेमणूक करताना त्यांना किमान दोन वर्षे मिळतील, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निवडमंडळाने पाहावे. त्यासाठी कायद्याची नव्हे, प्रथेची गरज आहे, आणि प्रथा पाडणे त्या मंडळाच्याच हातात आहे.

तिसरी, न्यायदान आणि न्यायालयाचे व्यवस्थापन ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हे मान्य करावे. २०१० ते २०१५ या काळासाठी तेराव्या वित्त आयोगाने न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी ५,००० कोटी रुपयांची शिफारस केली होती. व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेले कोर्ट मॅनेजर नेमणे, हा तिचाच एक भाग होता. त्या रकमेचा बराच मोठा भाग खर्चच पडला नाही. पैसा नाही म्हणून काम अडले, असे आपण नेहमी ऐकतो. येथे पैसा होता आणि काम करणारी यंत्रणा नव्हती. ज्यांना निकाल लिहायचे आहेत, त्यांनीच फर्निचर, छपाई, संगणक आणि नोकरभरतीच्या फायली पाहाव्यात, ही व्यवस्था कोणत्याही साध्या पेढीतसुद्धा चालणार नाही.

चौथी मागणी राज्य सरकारकडे आहे. भूसंपादनाच्या आणि सेवाविषयक प्रकरणांत, खालच्या न्यायालयाचा निर्णय विरुद्ध गेला म्हणजे अपील करायचेच, ही सवय सोडावी. अपील न केल्यास उद्या चौकशी होईल, या भीतीने अधिकारी फाइल पुढे ढकलतो. अपिलाच्या व्याजाची चौकशी मात्र कधी होत नाही. अपील करताना त्याच्या प्रतीक्षेत वाढणाऱ्या व्याजाचा अंदाज फाइलवर लिहिणे सक्तीचे केले, तर निम्मा विवेक आपोआप जागा होईल.

या सर्वांच्या मुळाशी माहिती आहे. प्रलंबित प्रकरणांचे आकडे आज नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिडवर कोणालाही पाहता येतात, ही मोठी सुधारणा आहे. परंतु पडद्यावर आकडा दिसणे आणि त्या आकड्याबद्दल कोणी उत्तर देणे, यांत अंतर आहे. परभणी जिल्ह्यातून गेलेली किती प्रथम अपिले दहा वर्षांहून जुनी आहेत, गेल्या वर्षी त्यांतील किती निघाली आणि पुढील वर्षी किती काढण्याचा संकल्प आहे, हे जिल्हावार निवेदनातून सांगितले गेले पाहिजे. शाळा दरवर्षी आपला निकाल जाहीर करते, बँक ताळेबंद छापते, ग्रामपंचायतही ग्रामसभेपुढे हिशेब ठेवते. न्यायदानाच्या स्वातंत्र्याला धक्का न लावता न्यायालयाच्या कारभाराचा असा हिशेब देता येतो. किंबहुना जो हिशेब स्वतःहून दिला जातो, तोच बाहेरच्या हस्तक्षेपापासून संस्थेचे रक्षण करतो.

२७ ऑगस्ट हा दिवस या खंडपीठाच्या इतिहासात दोनदा आला आहे. १९८१ मध्ये न्यायाधीश प्रथम बसले तेव्हा आणि १९८४ मध्ये ते स्थायी झाले तेव्हा. प्रतिवर्षी त्या दिवशी समारंभ व्हावा, भाषणेही व्हावीत. त्याबरोबरच खंडपीठाच्या बाराही जिल्ह्यांचे ते निवेदन त्याच दिवशी मराठीत प्रसिद्ध व्हावे आणि जिल्हा न्यायालयांच्या फलकांवर लागावे. परभणीच्या जिल्हा न्यायालयासमोर तारखेसाठी उभ्या असलेल्या माणसाला ते वाचता येईल, आणि आपल्या प्रकरणाच्या पुढे रांगेत किती आहेत हे त्याला प्रथमच कळेल.